कवळीकाकांची उडी

कवळीकाकांचं बाहेर काहीतरी आहे, ही बातमी इमारतीत पहिल्यांदा इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून सुटली. पुरावा साधा होता. जो माणूस वर्षानुवर्षं एकाच फिकट शर्टात, बाहीवर प्लॅस्टरचे पांढरे ठिपके मिरवत हिंडला, तो आता दर शनिवारी कडक इस्त्री मागतो, बूट चकचकीत करतो आणि ऊन उतरलं की कोपऱ्यावरून गडप होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी यात पदरचं थोडं अत्तर घातलं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या 'बाहेर'ला कुरळे केस फुटले होते. आणि कहर म्हणजे काका निघाले की त्यांची कॉलर नीट करून त्यांना दारापर्यंत सोडायला काकू स्वतः येतात.

"भोळी आहे हो बिचारी," वहिनी म्हणाल्या.

काकूंना भोळी म्हणणारं माणूस या इमारतीत नवीनच असलं पाहिजे. तेव्हा आधी हे निस्तरून टाकू. बाई आहे, हे खरं. केस कुरळे, हेही खरं. काकांनी तिला 'आ' करायला लावून तिच्या तोंडात बोट घातलंय, हे तर सगळ्यात खरं, कारण तिचा वरचा पुढचा दात त्यांनीच बनवलाय. अत्तर तेवढं वहिनींचं. शनिवारी काका जातात ते ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या हॉलमध्ये, जॅझ ऐकायला. यात चोरून करण्यासारखं काही नाही. पण ज्या माणसाने अर्धी हयात 'समोर बसून वाजवतात त्या जॅझमध्ये काही राम नाही' असं चारचौघांना ऐकवण्यात घालवली, त्याने बुटांना पॉलिश करून तिथे जावं, ही भानगड अत्तरापेक्षा नक्कीच मोठी आहे.

काका कवळ्या बनवतात. तळमजल्यावर त्यांची खोली आहे. तिथे एक घासायची मोटर, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, उकळत्या पाण्याचं पातेलं आणि भिंतभर फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. सगळे आ वासून काकांकडे बघत असतात. दवाखान्यांतून माप येतं, काका दात घडवतात. आता काम कमी केलंय, पण गल्लीतलं निम्मं हसू अजून त्यांच्या हातचं आहे आणि उरलेलं निम्मं वाटेवर आहे. मोटरीच्या घरघरीने डावा कान अर्धा गेला. "बरं झालं," काका म्हणतात, "लग्नाच्या फोटोत ही डावीकडेच आहे."

त्या लग्नाच्या मुळाशीही जॅझच होतं. तरुणपणी काका एका मोठ्या हॉटेलात शनिवारचा बँड ऐकायला जायचे. आत बसायला टाय लागायचा आणि टाय त्यांच्याकडे नव्हता, म्हणून ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून ऐकायचे. ट्रे घेऊन येणाजाणाऱ्यांचे धक्के खायचे. तिथेच मागच्या खोलीत टेबलक्लॉथच्या घड्या घालायचं काम काकू करत. "दर शनिवारी दारात उभा राहतो, आत येत नाही, बाहेर जात नाही. मला वाटलं माझ्यासाठीच उभा आहे," काकू सांगतात. "खरं कळलं तेव्हा पत्रिका छापून झाल्या होत्या." लग्न जॅझमुळे झालं आणि जॅझ असूनही टिकलं, असं त्या वर म्हणतात.

पुढे हॉटेलने बँड बंद केला. पियानो वाजवणारा गाव सोडून निघाला, तेव्हा या दाराशी उभ्या राहणाऱ्या पोराला त्याने जाता जाता एक रेकॉर्ड दिली. निळं कव्हर, कोपरे झिजलेले, आतली रेकॉर्डही चांगलीच वापरलेली. काका तिला 'निळी' म्हणायला लागले. मग घरी रेकॉर्ड प्लेयर आला, मग आणखी रेकॉर्डी आल्या, काकूंचं साड्यांचं कपाट अर्धं झालं. पण निळीची सर कुणाला नव्हती, आणि निळीत ती उडी होती.

ही उडी इमारतीतल्या प्रत्येकाने काकांच्या तोंडून एकदा तरी ऐकली आहे. कोणी चहाला आला की काका निळी लावत, खुर्चीच्या कडेला सरकून बसत आणि बोट वर करत. "आता बघा. ट्रम्पेट चढत चाललंय. तुम्हाला वाटतंय, आता हा दम घेणार. कोणीही घेईल. आपण जिना चढताना घेतो की नाही? आणि..." तेवढ्यात रेकॉर्डमधून 'टक' असा आवाज यायचा आणि ट्रम्पेट एकदम पलीकडे कुठेतरी, भलत्याच उंचीवर असायचं. "मारली की नाही उडी? आणि ती टक ऐकलीत? ड्रमवाल्याने काठी कडेवर मारली. तो इशारा. दोघांचं आधीच ठरलेलं. याला म्हणतात छाती."

पाहुणे मान डोलवत. न डोलवून करतात काय, चहा अजून यायचा असायचा.

भिंती पातळ. त्यामुळे निळी हळूहळू सगळ्यांचीच झाली. इस्त्रीवाला तीच धून शिट्टीवर वाजवायचा आणि बरोबर त्या जागी इस्त्री ठोकायचा, टक. लिफ्टची वाट पाहताना लोक बोटांनी दारावर ताल धरायचे आणि तिथे आले की उडी मारून पलीकडे. एक काकूच तेवढ्या कोरड्या राहिल्या. "कान किटले माझे," म्हणून त्या स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या.

मधल्या काळात काका एकदाच बाहेर जॅझ ऐकायला गेले. एका सभागृहात पाहुणा बँड आला होता आणि त्यांनी नेमकी निळीवरचीच धून काढली. काका खुर्चीच्या कडेला. ट्रम्पेट चढत गेलं, ती जागा आली, आणि ट्रम्पेटवाला उडी न मारता सरळ पुढे वाजवत राहिला. काका ताडकन उभे राहिले. "उडी?" त्यांनी विचारलं. हळू विचारलं असं ते म्हणतात, पण ज्याचा एक कान अर्धा गेलाय त्याच्या हळूवर कोण विश्वास ठेवणार. मागच्या रांगांनी 'शूऽऽ' केलं, काकांनी मागच्या रांगांना उडीचं महत्त्व समजावायला घेतलं, आणि पुढचं संगीत काय झालं ते त्यांनी ऐकलंच नाही, कारण तोवर दारावरच्या माणसाने त्यांना कोपराला धरून बाहेर आणलं होतं.

"भित्रे आहेत सगळे," घरी येऊन त्यांनी जाहीर केलं. "आजपासून फक्त रेकॉर्ड." आणि ते व्रत त्यांनी पाळलं.

आता ती कुरळ्या केसांची. ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते, म्हणून गल्लीभर मास्तरीणच. तिच्या एका विद्यार्थ्याने क्लच समजून ब्रेक दाबला आणि मास्तरणीचा दात डॅशबोर्डला भेटायला गेला. दातांच्या डॉक्टरांनी काकांकडे काम दिलं. दात बसला, पण दोन दिवसांनी मास्तरीण खाली काकांच्या खोलीत हजर. "काका, जेवता येतं, बोलता येतं, विद्यार्थ्यांवर ओरडता येतं. पण ट्रम्पेट लावलं की वारा निसटतोय."

काकांनी चष्मा वर केला. "आण ते ट्रम्पेट."

ती वाजवून दाखवायची, काका दात काढून घेऊन केसभर घासायचे, परत बसवायचे. भिंतीवरचे जबडे ऐकत होते. शेवटी एक लांब सूर असा सरळ निघाला की बाहेर इस्त्रीवाल्याने शिट्टी थांबवली. त्या दिवसापासून मास्तरीण दर आठवड्याला बोलवायची. आमचा चौघांचा बँड आहे काका, शनिवारी वरच्या हॉलमध्ये वाजवतो, तुमचाच दात आहे, ऐकायला या. आणि काका दर आठवड्याला तेच सांगायचे, "दाताला शुभेच्छा सांग. माझं घरी आहे सगळं."

मग ती दुपार आली. काकांनी निळी पुसायला काढली आणि खिडकीशी ठेवली, तोच एक आजोबा हातात कवळीचे दोन तुकडे घेऊन धापा टाकत आले. संध्याकाळी नातीच्या लग्नात चार शब्द बोलायचे होते आणि त्या चार शब्दांतले तीन दाताशिवाय निघत नव्हते. काका तसेच खाली गेले. कवळी सांधली, आजोबांना हसवून पाहिलं, पाठवलं. वर येईतो ऊन खिडकीत पूर्ण शिरलं होतं आणि निळीचा वाडगा झाला होता. अगदी वाडगा. आत पाणी ओतलं असतं तर राहिलं असतं.

इमारतीने दोष काकूंना दिला. बायको सोडून दुसऱ्या कुणाकडून अशी गोष्ट घडू शकते, यावर इमारतीचा विश्वास नाही. काकूंनी खुलासा केला नाही. त्यांनी गुपचूप लेकीला फोन लावला, आणि लेकीने कुठून कुठून शोधून तीच रेकॉर्ड मिळवून पाठवली. तेच निळं कव्हर, कोपरे धारदार. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीने आलं म्हणाले. सुई टेकवली. बोट वर केलं. ट्रम्पेट चढत गेलं, ती जागा आली.

टक नाही. उडी नाही. ट्रम्पेटने चक्क दम घेतला आणि सावकाश पुढे निघालं.

काकांनी सुई उचलली. "बनावट आहे ही. मध्ये काहीतरी घुसडलंय."

पुन्हा लावली, पुन्हा उचलली. लेकीला फोन केला, "अगं, तुला फसवलं त्यांनी. उडी काढून टाकलीय."

पलीकडे लेकीने त्यांना पुरतं बोलून घेऊ दिलं. मग म्हणाली, "बाबा, चिडू नका. आपल्या जुन्या रेकॉर्डला तिथे चरा होता. सुई उडायची. मला कॉलेजात असतानाच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतकं छान समजावून सांगायचात. मला वाटलं, राहू दे."

काकांनी फोन ठेवला. खुर्चीच्या कडेला बसायची सवय, पण त्या दिवशी ते पार मागे टेकून बसले. काकूंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

"काय झालं एवढं," काकू म्हणाल्या. "उडी नव्हती तर नव्हती."

"उडी गेल्याचं नाही गं. लोकांना मी चाळीस वर्षं शिकवलं की बघा, जॅझ म्हणजे काय. आणि शिकवत काय होतो, तर चरा. मग मला कळलं काय, आयुष्यभर?"

काकूंनी कप उचलला आणि चहा परत गरम करायला नेला.

रेकॉर्ड प्लेयरवर टेबलक्लॉथ पडला. काकूंनी तो व्यवस्थित घडी घालून काढला, काकांनी परत टाकला. निळी नाही आणि बाकीच्याही नाहीत. इमारतीत असा सन्नाटा पसरला की दुपारची झोप येईना. लिफ्टशी लोकांची बोटं दारावर जात आणि मध्येच थांबत. इस्त्रीवाल्याच्या हातून एक पँट जळाली. आणि काका खाली खोलीत मोटर लावून बसत, करायला काही नसलं तरी.

हे काही दिवस चाललं, मग काकूंचं डोकं चाललं. त्या पायात चपला सरकवून थेट ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. परत आल्या त्या भाजी घेऊन, जणू भाजीलाच गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मास्तरीण खाली काकांच्या खोलीत गालावर हात ठेवून उभी.

"काका, दात घासतोय ओठाला."

"बस. आ कर."

"असा नाही घासत. वाजवताना घासतो."

"मग वाजव."

"इथे एकटीने वाजवताना नाही घासत. बाकीच्यांबरोबर जोरात वाजवताना, अर्ध्या तासाने. शनिवारी येऊन बघा ना. गाणं ऐकू नका हवं तर. दात बघा."

काकांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. पण आपल्या हातचा दात कुणाच्या ओठाला घासतोय, हे त्यांना झोपू देणारं नव्हतं. शनिवारी ते निघाले. कानस, बारीक आरसा आणि मेणाची पट्टी घेतलेली छोटी पेटी बगलेत. कामावर निघालेला माणूस जसा निघतो तसे.

हॉल म्हणजे शिकाऊ ड्रायव्हरांचा वर्ग. भिंतीवर रहदारीच्या खुणांचे तक्ते, एका कोपऱ्यात स्टँडला लावलेलं सुटं स्टिअरिंग. ड्रमवाला नेमका 'थांबा'च्या लाल पाटीखाली बसला होता आणि अजिबात थांबत नव्हता. बासवाला आपल्यापेक्षा उंच बासला, म्हणजे त्या थोराड व्हायोलिनला, मिठी मारून डोळे मिटून उभा. पियानोवाला बिस्किट खात होता. काका पहिल्या रांगेत बसले, उजवा कान पुढे करून, आणि नजर फक्त मास्तरणीच्या वरच्या ओठावर.

पहिली दोन गाणी ते दातच बघत होते. दात उत्तम होता. तिसरं गाणं सुरू झालं आणि काकांना ते कळायच्या आत त्यांच्या पायाला कळलं. निळीवरचीच धून. ट्रम्पेट चढायला लागलं. काका खुर्चीच्या कडेला आले. ती जागा आली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या हातातली कानस खुर्चीच्या दांडीवर आपटली, टक, आणि काका मनातल्या मनात उडी मारून पलीकडे पोचले.

पलीकडे कोणीच नव्हतं. चौघंही मागेच होते.

या वेळी मात्र काका उभे राहिले नाहीत. वळून समजावून सांगायला मागे कोणी ओळखीचं नव्हतं, आणि दारावर हुसकायला माणूसही नव्हता. म्हणून ते नाइलाजाने ऐकत राहिले. मास्तरणीने दम घेतला, तो त्यांना दिसला. खांदे वर झाले, खाली आले. मग ट्रम्पेट एक एक सूर ठेवत, थांबत, मागे वळून बघत वर जायला लागलं. ज्या ठिकाणी ते आजवर उडी मारत आले होते तिथे एक अख्खा जिना होता. वळणावर खिडकी असलेला. आणि त्या जिन्यावरून जाणारा वारा काकांनी स्वतः घासलेल्या दाताला लागून येत होता.

मध्यंतरात मास्तरीण काकांजवळ आली. काकांच्या पेटीकडे बघून म्हणाली, "काय काका, घासतोय ना दात?"

"दाताला काय धाड भरलीय," काका म्हणाले. "मला एक सांग. एवढं सगळं तिथे आधीपासून होतं?"

"हो काका."

"आणि तू ते रोज असंच वाजवतेस?"

"असंच कसं वाजवेन? जिथून निघायचं आणि जिथे पोचायचं ते ठरलेलं. मधलं त्या त्या दिवशीचं."

काका घरी आले ते जिना न थांबता चढून. काकूंनी विचारलं, "दात कसा आहे?" काका म्हणाले, "बघावा लागेल. पुढच्या शनिवारी परत जावं लागेल." काकूंनी मान खाली घालून हसू लपवलं आणि रेकॉर्ड प्लेयरवरचा टेबलक्लॉथ काढून घडी घातली. या वेळी तो परत पडला नाही. नवीन निळी आता रोज दुपारी वाजते, काका ती शेवटपर्यंत ऐकतात आणि म्हणतात, "हा याचा त्या दिवशीचा जिना. शनिवारी बघू हिचा कसा येतो." वाडगा झालेल्या जुन्या निळीत काकू चिमटे ठेवतात.

इथवर सगळं गोड. पण चांगलं चाललेलं काम बिघडवायला माणसाला माया पुरते. काकांचा वाढदिवस आला. बँडला वाटलं, म्हाताऱ्याची हरवलेली उडी त्याला परत भेट द्यावी. आता ती उडी नेमकी कुठून कुठे, हे सांगणार कोण? रेकॉर्डीत चिमटे. तेव्हा काकू तालमीला गेल्या, हातात स्टीलचा चमचा घेऊन. आणि ज्या बाईचे कान किटले होते, जी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, तिने अख्खी धून पहिल्यापासून गुणगुणून दाखवली. त्या जागी आल्यावर स्टिअरिंगच्या दांड्यावर चमचा मारला, टक, आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. बासवाल्याने डोळे उघडले. ते तालमीत फारसे उघडत नाहीत.

"काकू, तुम्हाला तर सगळं पाठ," मास्तरीण म्हणाली.

"दाराला फट आहे," काकू म्हणाल्या.

चौघांनी घाम गाळला. मधूनच उडी मारून सगळ्यांनी एकदम पलीकडे उतरायचं, हे दम घेण्यापेक्षा फार अवघड निघालं. एकदा पियानो आधी पोचला, एकदा बास मागे राहिला. पण शनिवारपर्यंत जमलं. इमारतही आली, इस्त्रीवाला आला, आणि शहानिशा करायला वहिनीसुद्धा आल्या. मास्तरीण दिसताच त्यांची नजर आधी केसांकडे गेली.

काका पहिल्या रांगेत, कडक शर्टात, उजवा कान पुढे. पेटी घरी. ट्रम्पेट चढत गेलं. काकांनी डोळे मिटले आणि मास्तरणीबरोबर खांदे वर करून दम घेतला. 'थांबा'च्या पाटीखालून काठी कडेवर पडली, टक, आणि चौघंच्या चौघं उडी मारून पलीकडे. सगळा हॉल काकांकडे बघायला लागला. काकूंनी रुमाल काढून ठेवला होता.

काकांनी डोळे उघडले. धून संपेपर्यंत बोलले नाहीत, तेवढं आता शिकलेत. टाळ्या ओसरल्यावर ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "झकास. पण हे मी चाळीस वर्षं ऐकलंय. आता राहिलेलं वाजवा."